दोनशे ग्रॅम

मी रम्फाई. स्वयंपाकीण.
जिथे कुणी जेवत नाही तिथली.

सकाळी सातला इसबगोल,
राखाडी मातीची पूड, कलिंगडाचा रस.
झाकण लावून बाटली वीस वेळा हलवायची
आणि सांगायचं: लवकर प्या, घशात बसतं.
दुपारी गाजराचं पाणी.
गाजर नाही, गाजराचं पाणी.
गाजरं जातात प्रासोंगच्या डुकरांना.
अख्ख्या को फांगानवर इतक्या
नितळ कातडीची डुकरं सापडायची नाहीत.

पाहुणे तिसऱ्या दिवशी बोलेनासे होतात.
चौथ्या दिवशी बोलतात, पण फक्त शौचाविषयी,
रंग, लांबी, सगळं कौतुकानं,
जणू पोरानं शाळेतून बक्षीस आणलंय.
पाचव्या दिवशी हलकं हलकं वाटतं म्हणतात
आणि समुद्राकडे बघत बसतात,
त्यात मासे आहेत हे नुकतंच कळल्यासारखे.

उपास मलाही ठाऊक आहे.
चंद्र भरला की वान-फ्राला
बाराच्या पुढे मी घास घेत नाही,
पांढरं नेसून विहारात बसते.
आमचं वजन कुणी करत नाही.

गुन्हिल सहा नंबरच्या झोपडीतली. ट्रोंढाइमची.
जन्मभर बोटीवर दोर ओढल्याचे हात.
रात्री दहाला मी मागच्या पडवीत
केळीच्या पानात कापी भाजत होते, आमच्या माणसांसाठी,
वारा समुद्राकडे आहे ना, ते बघून.
वारा फिरला.

ती दारात. अनवाणी.
छपरातला तोके ओरडला: तोक्-के, तोक्-के.
मग पुन्हा एकदा, पण छपरातून नाही.
दोघी हसलो.

म्हटलं, देता येणार नाही, कॅलमसाहेब काढून टाकतील.
नको देऊस, म्हणाली. सांग नुसतं.
काय काय रांधतेस ते. तुझ्या भाषेत.
मला कळायची गरज नाही.

खवणीला आम्ही ससा म्हणतो.
सशावर बसले आणि सांगत गेले.
केंग-लुआंग: ओली हळद बोटभर,
आठवडाभर नखं पिवळी राहतील इतकी.
आंबवलेले बांबूचे कोंब. तांबोशीचं डोकं, डोळ्यांसकट.
आंबटाला चिंच नाही, सोम-खाएकच्या वाळल्या चकत्या.
मग सतॉच्या शेंगा, ज्यांचा वास
दुसऱ्या दिवशीही अंगाला येतो.
नवरा होता तेव्हा कूस बदलून झोपायचा.
हेही सांगितलं. तिला कुठे कळत होतं.

डोळे मिटून ऐकत होती, मधूनच आवंढा गिळत.
एका शब्दाला हात वर केला. हा परत.
खाओ, म्हटलं. भात.
सूर वरून खाली सोडला तर भात,
वर चढवला तर पांढरं,
खालीच दाबून ठेवला तर बातमी.
तिनं म्हणून पाहिलं. बातमी झाली.
मग पांढरं. मग पुन्हा बातमी.
कापी करपली.
कितव्यांदा तरी, अचानक, भात.

सकाळी दाओरुंगनं तिला काट्यावर उभं केलं,
वहीत पाहिलं, काटा आपटला,
परत उभं केलं. दोनशे ग्रॅम जास्त.
कॅलमसाहेबांनी तांदूळ मापला,
फ्रीजची साखळी ओढून पाहिली,
माझ्याकडे पाहिलं.
पाणी असेल अंगात, मी म्हटलं. हवा दमट आहे.

सुटायच्या दिवशी पपईची एक फोड, वर लिंबू.
बाकीचे तिच्यासमोर रडतात, फोटो काढतात.
गुन्हिलनं बियासुद्धा चावल्या
आणि तोंड वेडंवाकडं केलं.

निघताना पडवीच्या पायरीपाशी थांबून
एकच शब्द म्हणाली.
तेवढ्यात धक्क्यावर बोटीनं भोंगा दिला.
भात म्हणाली की बातमी, नीट ऐकू आलं नाही.
मी आपलं आधण ठेवलं.